जागेवरची दाद

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या रूटवरचे बसड्रायव्हर काकांना नावानं ओळखत नसत, आवाजानं ओळखत. उतरताना 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हणायची तिथली रीत काकाही पाळत, पण त्यांचं खरं काम बस चालू असतानाच होऊन गेलेलं असे. एखाद्यानं राउंडअबाउटवर डबलडेकर इतकी अलगद फिरवली की उभ्या माणसांना दांडाही धरावा लागला नाही, तर मागच्या सीटवरून खणखणीत आवाज येई, "आहाहा! वा!" आणि पाठोपाठ इंग्रजीत खुलासा, "ब्यूटिफुल टर्न, सर!" बसमधली सगळी माणसं लगेच खिडकीबाहेर बघू लागत. काकू मांडीवरची पर्स घट्ट धरून म्हणत, "अहो, हळू. आपण वऱ्हाडाच्या गाडीत नाही."

"मी सांगितलं नसतं तर त्याला कळलं कसं असतं?" काका विचारत.

काका म्हणजे माझे घरमालक, नात्याचे कुणी नव्हेत. मी नागपूरहून एका इन्शुरन्स कंपनीच्या नोकरीवर तिथं गेले, तेव्हा त्यांच्या घरातली वरची मागची खोली मला मिळाली. खोली दाखवताना काकूंनी बॉयलर, कचऱ्याचे बिन बाहेर ठेवायचे दिवस, शेजाऱ्यांचं मांजर असं सगळं समजावलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, "गाणं ऐकता का?"

"लागलं असलं तर ऐकते," मी म्हणाले.

"म्हणजे नाही," काका म्हणाले. "असू दे. भाडं तेवढंच राहील."

मला हा माणूस पहिल्या दिवशी आगाऊ वाटला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी ज्या घरात वाढले तिथं कौतुक माणसाच्या पाठीमागे करायची पद्धत होती. दहावीत मला चांगले मार्क पडले तेव्हा बाबा माझ्याकडे बघून फक्त "हं" म्हणाले, आणि मग तासभर गल्लीत पेढे वाटत फिरले. त्यामुळे भर रस्त्यात कुणाच्याही कामाला "वा" म्हणणारा माणूस मला जरा बेभरवशाचाच वाटे. मी त्यांच्याबरोबर बसनं जायचं टाळत असे.

काका मूळचे मिरजेचे. लहानपणी वडिलांच्या मांडीला मांडी लावून गाण्याच्या बैठकी ऐकलेले. गवयानं सुरेख जागा घेतली आणि समोरचा गप्प बसून राहिला, तर तो अडाणी तरी असला पाहिजे नाहीतर खडूस तरी, असा तिथला हिशोब. आणि दाद द्यायची ती त्याच क्षणी. "घरी जाऊन, विचार करून, दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं तर ती दाद नव्हे, तो अभिप्राय," असं ते म्हणत. अभिप्राय हा शब्द ते औषधाचा कडू घोट घेतल्यासारखा उच्चारत.

पण त्यांची दाद फुकट मिळत नसे. काकूंनी केलेल्या भरल्या वांग्यांवर ते कधी वा म्हणत, कधी मुकाट्यानं जेवून उठत. मग काकू स्वतःच पातेल्यात बोट घालून चव बघत आणि म्हणत, "खोबरं जास्त भाजलं गेलं, नाही का?" मी त्यांना पहिल्यांदा आमच्याकडचा गोळाभात करून घातला, तेव्हा काका पोटभर जेवले, ताट घासून ठेवलं आणि चकार शब्द बोलले नाहीत. मला राग आला. इतक्या लांबून आलेली मुलगी रांधून घालतेय, तोंडदेखलं चांगलं म्हणायला काय जातं? पुढं बऱ्याच महिन्यांनी एकदा फोडणीचं तेल वरून ओतलं आणि पहिलाच घास घेऊन ते मोठ्यांदा "आहाहा!" म्हणाले, तेव्हा मला इतका आनंद झाला की माझा मलाच तो कळेना.

घरून काम करायचे दिवस मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसत असे. एकदा टीम्सवर मीटिंग चालू होती. लंडनचा एक मॅनेजर माझ्या रिपोर्टमधली चूक म्हणून जी दाखवत होता, ती चूक त्याच्याच टीमनं पाठवलेल्या डेटात होती. मी आवाज न चढवता एकेक पायरी दाखवत गेले आणि शेवटी एवढंच विचारलं, "मग हा कॉलम कुणी भरला?" आणि माझ्या पाठीमागून, चहाचं आधण ठेवता ठेवता, "वा! क्या बात है!"

मी म्यूटवर नव्हते. मीटिंग रेकॉर्ड होत होती.

"हू वॉज दॅट?" मॅनेजरनं विचारलं.

"माय लँडलॉर्ड," मी म्हणाले. "ही लाइक्ड द आर्ग्युमेंट."

सगळे हसले, मॅनेजरसुद्धा हसला, आणि कॉलम दुरुस्त झाला. कॉल संपल्यावर मी काकांवर भयंकर चिडले. मग वर जाऊन बाथरूमचं दार लावून रडले. त्या नोकरीत मला दोन वर्षं होत आली होती. काम चांगलं आहे, हे मला तोपर्यंत कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि आपल्याला ते हवं होतं हेही मला माहीत नव्हतं.

आता बुवांबद्दल सांगायला हवं. बुवा म्हणजे कुणी शास्त्रीय गवई नव्हेत. बुवा म्हणजे एक गोरा, लांब केसांचा, आता केस विरळ झालेला, ऐंशीकडे झुकलेला रॉक गिटारवाला. सगळ्या इंग्लंडमध्ये त्याचे चाहते आहेत आणि त्यांच्यात त्याला 'द ओल्ड मॅन' म्हणतात. त्याला बुवा म्हणणारे जगात एकटे काका. "अहो, बुवांची टूर जाहीर झाली," असं ते काकूंना आनंदानं सांगत, आणि फोनवर ऐकणाऱ्याला वाटे, कुठंतरी कीर्तन आहे.

चाहत्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी गावातल्या एका पबच्या मागच्या खोलीत ते जमत. काका गाडी चालवत नसत. दुसऱ्याच्या ड्रायव्हिंगला दाद देण्याच्या नादात त्यांनी स्वतःची गाडी एकदा दिव्याच्या खांबाला नेऊन टेकवली होती, तेव्हापासून किल्ली काकूंकडे होती. आणि काकूंना ती ढणढण सोसत नसे. म्हणून एकदा मी त्यांना पोचवायला गेले आणि बाहेर पाऊस होता म्हणून आत बसले.

खोलीत वीस-पंचवीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, काळे टीशर्ट पोटावर ताणलेले. आणि वाद काय! बुवांचे सुरुवातीचे अल्बम तेवढे खरे, नंतर सॅक्सोफोन आला आणि वाटोळं झालं, असं मानणारा एक गट. स्टुडिओतले अल्बम ही नुसती नकाशाची वही, खरा माणूस स्टेजवरच भेटतो, असं मानणारा दुसरा. एक निवृत्त नर्सबाई सांगत होत्या, की बुवांना ताप होता ती टूर सर्वांत उत्तम, कारण तेव्हा त्यांनी फालतू काही वाजवलंच नाही. अध्यक्षस्थानी नॉर्मन. नॉर्मन आयुष्यभर ड्रायव्हिंग टेस्टचा एक्झॅमिनर होता. लोकांच्या शेजारी बसून चेहऱ्यावरची माशी न हलू देण्यात त्याचा जन्म गेला होता. वाद रंगला की तो पेन टेबलावर आपटे आणि सगळे गप्प होत.

मी वाट बघत होते, आता काका सुटतील. पण काका कोपऱ्यात बिअरचा हाफ पाइंट घेऊन तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले होते. एकानं एक दुर्मिळ रेकॉर्डिंग ऐकवलं, ते मलाही बरं वाटलं, पण काका हूं की चूं नाहीत. निघताना त्या नर्सबाई मला म्हणाल्या, "तुझे अंकल फार गोड आहेत. द क्वायट वन, म्हणतो आम्ही त्यांना."

मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाला घ्यायला आले की काय.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे की."

"मग तिथं एक शब्द बोलला नाहीत."

काकांनी सीटबेल्ट लावला, काचेवरची वाफ बाहीनं पुसली. मग म्हणाले, "अगं, शाउटर म्हणतात तो मीच."

शाउटर कोण, ते मला त्या दुपारीच कळलं होतं. बुवांचा एक जुना डबल लाइव्ह अल्बम आहे, चाहत्यांच्या मते सर्वांत थोर. त्यातलं एक गाणं कॉव्हेंट्रीच्या थिएटरात रेकॉर्ड झालेलं. मध्येच ड्रम, बास सगळं थांबतं आणि गिटार एकटीच, अगदी हळू, एक लांब सुरावट वाजवते. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल, आणि त्या शांततेत कुणीतरी ओरडतो. त्या माणसानं आमचं सर्वांत सुंदर गाणं नासवलं, यावर मंडळातल्या सगळ्या गटांचं एकमत होतं. तो दारू प्यायलेला होता, असं काही म्हणत. नॉर्मन तर त्या जागी दर वेळी कानावर हात ठेवे.

काकांना तेव्हा शिकायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. चार इंग्रज मुलांबरोबर एका घरात राहत. इंग्रजी बोलताना चुकेल म्हणून ते वर्षभर फारसे बोललेच नव्हते. दुकानात बोटानं वस्तू दाखवायच्या आणि 'सॉरी' म्हणायचं. घरातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून तो यांना घेऊन गेला. रॉक म्हणजे काय, काकांना ठाऊक नव्हतं. तासभर कान बधिर झाले. "आणि मग ते सगळं थांबलं," काका म्हणाले, "आणि बुवांनी आलाप घेतला. तू हसू नकोस, आलापच होता तो. शेवटी जिथं जाणार असं वाटत होतं त्याच्या एक स्वर अलीकडे थांबले. मला कळलंच नाही मी कुठं बसलोय. 'आहाहा! वा बुवा!' निघून गेलं तोंडातून. या देशात मी मोठ्यानं बोललेले ते पहिले शब्द."

काही वर्षांनी अल्बम हाती आला आणि त्यात आपला आवाज ऐकून ते हरखून गेले. कुणाला तरी सांगावं म्हणून मंडळ शोधून काढलं. पहिल्याच बैठकीत नॉर्मननं ते गाणं लावलं, त्या जागी कानावर हात ठेवले आणि म्हणाला, "हा माणूस मला एकदा भेटायला हवा." काका तेव्हा जे गप्प झाले ते गप्पच राहिले.

"पण मग जाता कशाला तिथं?" मी विचारलं.

"अगं, बुवांबद्दल बोलतात ना ती माणसं. दुसरीकडे कोण बोलतं?"

त्यानंतर मी दर महिन्याला त्यांना घेऊन जाऊ लागले. अशाच एका रविवारी नॉर्मननं पेन आपटून बातमी दिली. त्या लाइव्ह अल्बमची नवी आवृत्ती निघणार होती, नव्या तंत्रानं स्वच्छ केलेली. आणि शाउटरला त्यातून कायमचं काढून टाकणार होते. खोलीत टाळ्या झाल्या. काकांनीही वाजवल्या. त्यांचे हात मी बघितले आणि मला तिथं बसवेना.

घरी काकूंना सगळं ठाऊक होतंच. "सांगून टाका एकदा त्यांना," त्या म्हणाल्या. त्यांची इथंच वाढलेली, आता मेडनहेडला राहणारी मुलगी फोनच्या स्पीकरवर होती. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट वन शाउट. तुझी आवाज काढली तर काय होते? कोणी ऐकत पण नाही."

काका हसले. फोन ठेवल्यावर आमच्याकडे न बघता म्हणाले, "नोकरीत इतकी वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली, त्यांवर कंपनीचं नाव. घर आहे, ते उद्या दुसऱ्या कुणाचं होईल. मी या देशात होतो आणि मला इथलं काहीतरी मनापासून आवडलं होतं, याचा तेवढाच एक पुरावा आहे. असो." मग ते उठून भांडी विसळायला लागले. काकूंनी मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं.

पुढच्या बैठकीत नॉर्मननं नव्या आवृत्तीतलं तेच गाणं आणलं. कंपनीनं आधी ऐकायला म्हणून ते ऑनलाइन टाकलं होतं. दिवे मंद केले, सगळे पुढं सरकून बसले. ड्रम थांबले, गिटार सुरू झाली. शांतता खरंच काचेसारखी स्वच्छ होती. सुरावट त्या जागी आली आणि थांबली. थांबलेलीच राहिली. मग बुवांनी तीच सुरावट पुन्हा घेतली, किंचित वळवून, आणि पुढं गेले.

गाणं संपलं. टाळी कुणी वाजवली नाही.

"हँग ऑन," नॉर्मन म्हणाला. त्यानं तेवढाच भाग पुन्हा लावला. पुन्हा तेच. "तो थांबतो कशाला?" नॉर्मन सगळ्यांकडे बघत म्हणाला. "आणि परत वाजवतो ते कुणासाठी?"

त्या परत वाजवण्यावर मंडळात वर्षानुवर्षं चर्चा झाली होती. स्टुडिओच्या अल्बमात ते नाही, दुसऱ्या कुठल्याच शोमध्ये नाही, त्या एका संध्याकाळी बुवांना ते कसं सुचलं असेल म्हणून लोक डोलत असत. आता आवाज पुसल्यावर ते कुणाशीच न बोलल्यासारखं वाटत होतं.

काका उभे राहिले. हातातला ग्लास त्यांनी शेजारच्या नर्सबाईंकडे दिला.

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मी वा म्हणालो. आमच्याकडे वा म्हटलं की गवई ती जागा परत घेतो. त्यांना ही रीत कुठून माहीत, मला ठाऊक नाही. पण त्यांनी घेतली."

नॉर्मन काकांकडे एकटक बघत राहिला. इतक्या वर्षांत त्यानं हजारो लोकांना नापास केलं असेल, तेव्हा तो असाच दिसत असेल असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "यू? द क्वायट वन?"

"येस. सॉरी."

"मी तुझ्यासमोर बसून इतकी वर्षं तुला शिव्या देतोय. तू बोलला का नाहीस?"

"तुम्हा सगळ्यांचं एकमत होणारा तेवढाच एक विषय होता," काका म्हणाले.

पहिल्यांदा नर्सबाई हसल्या, मग खोली हसली. नॉर्मन हसला नाही. त्यानं उठून जुनी रेकॉर्ड लावली. त्या जागी गिटार थांबली, तो तरुण, घाबरलेला, आनंदानं फुटलेला आवाज आला, आणि गिटारनं त्याला उत्तर दिलं. नॉर्मनचे हात या वेळी मांडीवरच होते.

इथं सगळं गोड व्हायला हवं होतं, पण झालं नाही. शाउटरला राहू द्या म्हणून नॉर्मननं मंडळातर्फे कंपनीला कडक ईमेल केली. आभाराचं सभ्य उत्तर आलं, आणि अल्बम ठरल्याप्रमाणे आवाज पुसूनच निघाला. काकांनी विकत आणला, एकदा पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "मिक्सिंग चांगलं केलंय." त्यांना खोटं बोलता येत नसे, त्यामुळे ते खरंच चांगलं असणार.

त्याच वर्षी बुवांची टूर आली, शेवटचीच असावी असं सगळे म्हणत होते. बर्मिंगहॅमच्या शोला अख्खं मंडळ गेलं. काकूसुद्धा आल्या, कानात कापसाचे बोळे घालून. बुवा स्टेजवर हळूहळू चालत आले. आवाज बसलेला होता, वरचे सूर लागत नव्हते. मग ते गाणं आलं. ड्रम थांबले. आमची अख्खी रांग श्वास रोखून काकांकडे बघत होती. नॉर्मन तर सीटच्या कडेवर आला होता.

गिटार त्या जागी आली. काका काही बोलले नाहीत. जागा निघून गेली.

"गो ऑन!" नॉर्मन कुजबुजला. "इतक्या लांब आलोय!"

"नाही," काका म्हणाले. "आज नुसतं वाजवतायत."

नॉर्मनचा चेहरा पडला. मला काकांचा मनस्वी राग आला. ज्या माणसांनी तुमच्यासाठी भांडण केलं, त्यांच्याखातर एक वा म्हणायला काय हरकत होती? पण मला उत्तर माहीत होतं, मी त्यांच्या टेबलावर जेवले होते.

शेवटाकडे बुवा स्टुलावर बसले आणि साधी गिटार घेऊन एक अलीकडचं गाणं सुरू केलं. मंडळातले लोक अल्बम ऐकताना ते गाळत असत. काहीजण टॉयलेटला जायला उठले. गाण्यात एक ओळ वर चढते. बुवा तिच्यापाशी आले, आणि सगळ्यांना कळलं की आता हा आवाज फाटणार. त्यांनी तो वर नेलाच नाही. ओळ खालीच ठेवली, अर्धी म्हणाले, आणि उरलेली गिटारवर सांगितली, अगदी दोन-तीन तारांत.

"आहाहा! वा बुवा!"

सगळं सभागृह वळलं. कुणीतरी "श्श" केलं. स्टेजवरच्या म्हाताऱ्यानं मान वर केली, अंधारात कुठंतरी आमच्या बाजूला बघितलं, आणि हसला. आणि ती ओळ त्यानं परत घेतली.

त्यानं ती या वेळी आणखी सुंदर म्हटली. मी काकांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. काकूंनी एका हातानं कानातला बोळा काढला होता आणि दुसऱ्या हातानं त्यांचा दंड धरला होता. ती जागा सरून चालली होती, कुणीतरी आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं, आणि मंडळातले सगळे जन्माचे इंग्रज.

"वा!" मी ओरडले.